जिवलग मित्राला गाडी देताना पैशाचं आधी बोला: टाकीपासून चलनापर्यंत

शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन आला. "अरे, उद्या-परवा तुझी गाडी रिकामी आहे का? भाचीचा साखरपुडा आहे पुण्याला. आईला एसटीने न्यायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांचे हाल." पंचवटीत एका आळीत वाढलेला मित्र. मी म्हटलं, "विचारतोस काय, ये घेऊन जा." रविवारी रात्री गाडी परत आली तेव्हा टाकीचा काटा लाल रेघेला टेकला होता आणि मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा होता. तो म्हणाला, "पाचशेचं पेट्रोल टाकलं होतं रे मी." मी म्हटलं, "असू दे." तीन आठवड्यांनी वेगमर्यादेचं चलन माझ्या मोबाइलवर आलं. तेही मी गुपचूप भरलं. त्यानंतर चार महिने मी त्याला स्वतःहून फोन केला नाही, आणि का केला नाही हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

नंतर एकदा बोलणं निघालं तेव्हा समजलं की ओरखडा त्याने पाहिलाच नव्हता. तो बहुधा मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मारून गेला असावा. आणि पाचशे रुपयांत आपला वाटा झाला असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. चूक माझी होती. गाडी मागणारा आधीच भिडेत असतो. 'पेट्रोल किती टाकू, टोल कुणाचा, काही झालं तर काय' हे त्याने विचारलं तर गाडीवाला दुखावेल अशी त्याला धास्ती असते. म्हणून पैशाचा विषय गाडीवाल्याने काढायचा, तोही चावी देण्याआधी. खाली जे लिहिलंय ते या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी स्वतःशी ठरवा: द्यायची की नाही

हा निर्णय मित्राच्या स्वभावावरून घेऊ नका, स्वतःच्या खिशावरून घ्या. उद्या गाडीला आठ-दहा हजारांचं काम निघालं आणि मित्राकडे तेव्हा पैसे नसले, तर ते काम स्वतः करून घेऊन त्याच्याशी पूर्वीसारखं बोलता येईल का? येत असेल तर द्या. हप्ते चालू आहेत, महिनाअखेर ओढाताण होते, तर देऊ नका. गाडी घरातल्या सगळ्यांची असते, म्हणून बायकोला विचारूनच हो म्हणा. नाहीतर तिकडे दोस्ती सांभाळली जाते आणि घरात धुसफूस सुरू होते.

नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणा. "अरे, या वेळी जमणार नाही, घरी लागणार आहे," एवढं पुरतं. 'बघतो, सकाळी सांगतो' करत राहिलात तर त्याला दुसरी सोय करायलाही वेळ उरत नाही, आणि राग नकाराचा न येता त्या टांगून ठेवण्याचा येतो.

नाशिककरांना आता एक खास प्रसंग समोर आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. बाहेरगावचे मित्र घरी उतरतील, आणि 'तुझी गाडी दे, आम्ही त्र्यंबकला जाऊन येतो' ही मागणी येणारच. पर्वणीच्या दिवशी वाहनं गावाबाहेर अडवली जातात, गर्दीत गाडी घासली जाते आणि कुणी घासली ते कळत नाही. त्या दिवसांपुरती मी गाडी कुणालाच देणार नाही, आणि हे आत्तापासूनच सगळ्यांना सांगतोय.

कागद: दोन मिनिटांचं काम, पण टाळू नका

"लायसन्सचा फोटो पाठवून ठेव, पॉलिसीसोबत ठेवतो," असं सरळ म्हणा. यात अविश्वास नाही. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मित्र स्वतः चालवणार की त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा, हेही विचारा. मुलगा अठराच्या आतला असेल तर विषय तिथेच संपवा. तिथे दंड २५,००० रुपयांचा आहे, कैद तीन वर्षांपर्यंतची आहे आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते.

विमा चालू आहे ना, पीयूसी संपलेली नाही ना, हे एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघून घ्या. ही बाजू पूर्णपणे आपली. त्यातला दंड मित्राच्या गळ्यात घालायचा नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या पॉलिसीत जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो फक्त नोंदणीकृत मालकासाठी असतो. मित्र चालवताना त्यालाच काही झालं तर तो विमा त्याच्या कामाचा नाही. शिवाय उसनं वाहन चालवणारा हा मालकाच्या जागी धरला जातो, तिऱ्हाईत म्हणून त्याला भरपाई मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे. म्हणून लांबच्या प्रवासाला निघालेल्या मित्राला विचारा, "तुझा स्वतःचा अपघात विमा आहे ना?" नसेल तर निघण्याआधी काढायला लावा. पेट्रोलच्या हिशेबापेक्षा हे बोलणं जास्त महत्त्वाचं आहे.

भाडं घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी

भला मित्र हमखास म्हणतो, "भाड्याची गाडी केली असती तर पाच-सहा हजार गेलेच असते. ते तू घे." मनापासून म्हणतो. तरीही घेऊ नका. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने दिलेल्या गाडीला लागू होत नाही, तशी अटच त्यात असते. अपघात झाला, चौकशीत 'किलोमीटरला बारा रुपये ठरले होते' असं निघालं, यूपीआयवर तेवढीच रक्कम आलेली दिसली, तर क्लेम अडकतो. परवान्याशिवाय भाड्याने गाडी चालवल्याचा दंड वेगळाच.

म्हणून खर्च घ्यायचा, भाडं नाही. पेट्रोल, टोल, पार्किंग, चलन हे त्याने जागच्या जागी भरायचं. आपल्या हातात रोख किंवा खात्यावर गोळा रक्कम घ्यायची नाही. फास्टॅगचं तेवढं वेगळं, ते पुढे येईलच.

मग झीज? नाशिक-पुणे, नाशिक-मुंबई अशा फेरीला मी झिजेचा विचार करत नाही. कोकणात आठ दिवस, बाराशे किलोमीटर असं असेल तर मात्र बोलावं. माझी पद्धत अशी: "येताना गॅरेजला अलाइनमेंट आणि धुलाई करून घे, बिल तूच दे." सर्व्हिसिंग जवळ आलेलं असेल तर ऑइल बदलाचा खर्च दोघांत वाटून घ्या, तोही थेट गॅरेजवाल्याला देऊन.

टाकी: भरलेली द्या, भरलेली घ्या

पेट्रोलवरून जितक्या मैत्र्या खट्टू होतात तितक्या ठोकरीवरूनही होत नसतील, आणि कारण साधं आहे. स्वतःची गाडी नसलेल्याला गाडी किती पिते याचा अंदाज नसतो. नाशिक ते पुणे जाऊन-येऊन साधारण ४२० किलोमीटर, वर शहरातलं ४० धरा. १६ चं ॲव्हरेज असेल तर जवळपास २९ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर तीन हजारांच्या वर जातं. माझ्या मित्राच्या डोक्यात तो आकडा पाचशेच्या आसपास होता, कारण तो वर्षानुवर्षं स्कूटरमध्ये तीनशेचं टाकत आलाय.

'जेवढं लागेल तेवढं टाक' हे म्हणूच नका. त्याचा अर्थ दोघांच्या मनात वेगवेगळा असतो. गाडी देण्याआधी तुमच्या नेहमीच्या पंपावर टाकी भरून घ्या. नोझल आपोआप बंद होतं तिथे थांबा, वर 'राउंड फिगर' करू नका. मीटरचा फोटो काढा, मित्राला पाठवा आणि लिहा: "टाकी फुल आहे. परत येताना याच पंपावर फुल करून आण, म्हणजे आपल्याला हिशेबच नको." हे वाक्य मी आता प्रत्येकाला पाठवतो. आजवर कुणालाही वाईट वाटलेलं नाही, उलट दोघांनी 'बरं झालं सांगितलंस' म्हटलं.

टाकी भरायला तेव्हा पैसे नसतील तर काटा आहे तिथला फोटो काढा. अर्ध्यावर दिली तर अर्ध्यावर परत.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक वाक्य लागतं. रांग लांब दिसली की पाहुणा चालवणारा कंटाळून पेट्रोलवर पळवतो, आणि आपल्याला सोमवारी ऑफिसला निघताना टाकी रिकामी सापडते. "दोन्ही जिथे होतं तिथे आणून ठेव," असं म्हणा.

गंगापूर रोडवरून नाशिकरोड स्टेशनला कुणाला सोडून येणं, रात्री दवाखान्यात धावणं, अशा फेऱ्यांचा हिशेब करू नका. तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत मी पेट्रोलचं नावही काढत नाही. दवाखान्याला नेलेल्या गाडीचं तर कितीही किलोमीटर झाले तरी नाही.

फास्टॅग: न दिसणारा खर्च

टोल आता आपल्या खात्यातून कटतो, चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही. पुण्याला जाताना शिंदे, मग संगमनेरजवळ हिवरगाव पावसा, मुंबईला जाताना घोटी आणि पडघा: मित्र गाणी ऐकत पुढे जातो आणि आपला मोबाइल किणकिणत राहतो. आधीच सांगा, "टोल माझ्या टॅगमधून जाईल, परत आलास की मेसेज पाठवतो, तेवढे टाक." परत आल्यावर त्याच रात्री कटलेल्या रकमांचे स्क्रीनशॉट आणि बेरीज पाठवा. आठवड्याने पाठवलं तर ते उकरून काढल्यासारखं वाटतं. ज्याच्या टॅगमध्ये शिल्लक कमी आहे त्याने गाडी देण्याआधी रिचार्ज करावा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो, आणि तो भुर्दंड आपल्या हलगर्जीपणाचा म्हणून आपलाच.

वार्षिक पास काढलेला असेल तर प्रश्न जरा नाजूक होतो. १५ ऑगस्ट २०२५ ला हा पास ३००० रुपयांत आणि २०० फेऱ्यांसाठी सुरू झाला, म्हणजे एक नाका ओलांडायला १५ रुपये पडले. पाससाठी आपण नाक्यावरचा पूर्ण टोल दिलेलाच नसतो, तर मित्राकडून तो घेणं मला पटत नाही. मी अशा वेळी काहीच घेत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: हा पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही. मित्र इगतपुरीहून समृद्धीने नागपूरकडे निघाला असेल तर तिथला टोल टॅगच्या शिल्लक रकमेतून जाईल, आणि तो त्याचा. समृद्धीचं निघालंच आहे तर टायरची अवस्थाही खरीखरी सांगा. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे आणि झिजलेले टायर त्या वेगाला दगा देतात.

चलन: उशिरा येतं, म्हणून तारीख-वेळ लिहून ठेवा

ई-चलन मालकाच्या नंबरवर येतं आणि कधी कधी बरंच उशिरा येतं. तोवर गाडी दोघा-तिघांच्या हातून गेलेली असते. यासाठी गाडी देताना आणि घेताना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "शनिवार सकाळी ७ ला दिली." "रविवार रात्री १० ला मिळाली." चलनावर तारीख, वेळ, ठिकाण असतंच. जुळलं की स्क्रीनशॉट पुढे पाठवा, सोबत एवढंच: "हे त्या दिवशीचं आलंय, तेवढं भरून टाकशील?" 'जरा हळू चालवायचं ना' वगैरे जोडू नका. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार अंक दिले की तो स्वतःच ऑनलाइन भरू शकतो.

मित्राच्या नावावर खपवण्याचा मोह मात्र नको. वेळ आपली असेल तर चलन आपलं. आणि कॉलेज रोडला गाडी टोइंगवाल्यांनी उचलली तर ते पैसे अर्थातच उभी करणाऱ्याचे.

ओरखडा, ठोकर, बंद पडणं

देताना गाडीभोवती दोघांनी मिळून एक चक्कर मारा आणि व्हिडिओ काढा. मी हातात मोबाइल धरून म्हणत जातो, "हा पुढच्या बंपरचा खरचटलेला भाग जुना आहे, हा आरशाचा टवका जुना." जुनी दुखणी मालकाने आधी स्वतः दाखवली की मित्राचा जीव भांड्यात पडतो. त्याला वाटतं, उगाच आपल्यावर येणार नाही. एक मिनिटाचं काम आहे.

पैसे कुणाचे हे ठरवायला मी एक रेघ ओढली आहे: जे झिजतच आलं होतं ते माझं, जे प्रवासात घडलं ते चालवणाऱ्याचं. चार वर्षांची बॅटरी संगमनेरला बसली, तर नवी बॅटरी माझी. तिथे त्याने पैसे भरले असतील तर मी त्याच रात्री परत करतो. पंक्चर त्याचं. ४५ हजार किलोमीटर चाललेला टायर फुटला तर माझा. सहा महिन्यांपूर्वी घेतलेला टायर खड्ड्यात आपटून कापला गेला तर त्याचा. कसारा घाटात अर्धा क्लच दाबून चढवत नेल्यामुळे क्लच जळाल्याचा वास आला, अशी प्रकरणं मात्र भांडणाची असतात. क्लच एका प्रवासात संपत नाही, तो आधीच संपत आलेला असतो. मी तो स्वतः बदलेन.

बारीक ओरखडा, जो पॉलिशने जातो, तो सोडून द्या. पण तोंडाने सांगून सोडा: "हे राहू दे, माझ्याकडून संपलं." मनात ठेवून सोडलेलं सुटत नाही.

पत्रा चेपला तर आधी अंबड किंवा सातपूरला ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून अंदाज घ्या, आणि मित्राला सोबत न्या. आकडा त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावा. मग प्रश्न येतो, 'विम्यातून करून घेऊ ना?' इथे थोडं गणित करायला हवं, कारण विम्याचे पैसे फुकटचे नसतात. समजा, तुमच्या पॉलिसीत गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८००० आहे आणि पाच वर्षं क्लेम न केल्याने ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, मिळतो, म्हणजे तुम्ही ४००० भरता. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला एनसीबी शून्य. मग २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५० ला पोचायचं. त्या पाच वर्षांत जादा जाणारे पैसे मोजले तर ४०००, २४००, २०००, १२०० आणि ४००, म्हणजे बरोबर १०,०००. गाडीची किंमत दरवर्षी घटते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. तर अशा गाडीचं सात हजारांचं काम विम्यात घालणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. ते गॅरेजला रोख भरून करायचं, आणि बिल मित्राचं.

काम मोठं, चाळीस-पन्नास हजारांचं असेल तर क्लेमच करा. पण त्यातही खिशातून काही जातंच: सक्तीची कपात (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने भरायची ठरावीक रक्कम), १५०० सीसीपर्यंत १००० आणि त्यावर २००० रुपये, आणि झीरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई देणारी जोड) नसेल तर प्लॅस्टिक-रबराच्या भागांची निम्मी किंमत. ही रक्कम मित्राने द्यायची, यात मला शंका वाटत नाही. एनसीबीचं पहिल्या वर्षाचं नुकसानही त्याने द्यावं असं माझं मत आहे. पुढच्या चार वर्षांचं मी मागणार नाही, एवढी लांब उधारी मैत्रीत चालत नाही. त्याची परिस्थिती नसेल तर दोन-तीन हप्ते करून घ्या, पण आकडा आणि तारीख दोन्ही ठरवा.

आणि हे सगळं चावी देताना एका वाक्यात सांगायचं: "काही लागलं-बिगलं तर लपवू नको, पहिला फोन मला कर, जागेवर कुणाला पैसे देऊन मिटवू नको." दुसऱ्या वाहनाला किंवा माणसाला लागलं असेल तर पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं आलंच. परस्पर हजार-दोन हजार देऊन आलेला मित्र पुढे दोघांनाही अडचणीत आणतो.

तुम्ही गाडी मागणारे असाल तर

गाडीवाला बोलला नाही तर तुम्ही बोला. "टाकी फुल करून आणतो, टोल सांग, काही झालं तर माझं," ही तीन वाक्यं फोनवरच म्हणा. परत करताना गाडी धुऊन आणा, सीटखालचे वेफर्सचे तुकडे आणि लग्नातल्या अक्षता झाडून घ्या. सीट आणि आरसे मागे-पुढे केले असतील तर तेही सांगा. चावी वॉचमनकडे ठेवून जाऊ नका, हातात द्या. लागलं असेल तर चावी देण्याच्या आधी, स्वतः बोट ठेवून दाखवा. पेढे, द्राक्षाची पेटी आणलीत तर आनंदच आहे, पण ती पेट्रोलच्या जागी मोजू नका.

पैसे आलेच नाहीत तर

टोल आणि चलनाचा मेसेज पाठवून आठवडा झाला की एकदा आठवण करा, तीही फोनवर आणि सरळ: "ते सहाशे चाळीस राहिलेत रे." बहुतेक वेळा तो खरंच विसरलेला असतो. दुसऱ्या कुणाकडे, विशेषतः सामाईक मित्रांच्या ग्रुपवर, हा विषय काढू नका. त्याच्या बायकोला तर नाहीच. दुसऱ्यांदा आठवण करूनही आले नाहीत तर ती रक्कम सोडा, आणि पुढच्या वेळी गाडी देऊ नका. विचारलं तर कारणही सांगा.

साखरपुड्याच्या त्या मित्राने मध्यंतरी पुन्हा गाडी मागितली, आईला वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला न्यायचं होतं. मी व्हिडिओ काढला, टाकीचं सांगितलं, लायसन्सचा फोटो मागितला. तो रात्री परत आला तेव्हा गाडीची काच अजून ओली होती. चावीबरोबर त्याने पंपाची पावती दिली आणि मला दाराशी ओढत नेऊन मागच्या चाकाचं कॅप दाखवलं. गडावर फरशीला घासलं होतं. "नवीन सांगून आलोय, बुधवारी बसवून देतो," तो म्हणाला. मग आम्ही दोघं आत गेलो, वहिनींनी पाठवलेला गडावरचा प्रसाद बायकोने वाटीत काढला, आणि तो अकरा वाजेपर्यंत बसला.